साठीनंतर दीड वर्ष केनियात सेवेला जायचं आहे, तिथं रोजचा दिवस कसा जाते?

मोहननगरवाला

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम, आणि जे मंडळीतले नाहीत त्यांना नमस्कार, उत्तर कोणीही दिलं तरी चालते.

मी ६३, मिसेस ६१. मी पीडब्ल्यूडीत ज्युनिअर इंजिनिअर होतो, ती झेडपीच्या शाळेत. पोरगा हैदराबादला, पोरगी इथंच नागपुरात मानेवाड्याला. ओळखीच्या एका मिशन संस्थेनं विचारलं की पश्चिम केनियात किसुमूपासून तासाभरावर त्यांचा दवाखाना अन मुलींची शाळा आहे, तिथं दीड वर्ष येता का. मी बिल्डिंगची देखभाल, पाण्याची टाकी, जनरेटर वगैरे पाहायचं आणि मिसेसनं शाळेत गणित शिकवायचं. क्वार्टर ते देणार, तिकीट अर्धं त्यांचं अर्धं आमचं, बाकी खाणंपिणं आपल्या पेन्शनमधून. पाचारण आहे असं दोघांनाही वाटून राहिलं, प्रार्थना झाली, पाळकसाहेबांशी बोलणं झालं, त्यावर मला काही विचारायचं नाही.

विचारायचं हे आहे की दिवस कसा जाते. जे जाऊन आले त्यांच्या साक्षी मी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ऐकल्या, सगळे म्हणतात फार आशीर्वाद मिळाला, लोकांनी फार प्रेम केलं. पण सकाळी उठून दूध कुठून आणलं, दुपारी आडवं व्हायला मिळालं का, रात्री आठ वाजता दोघांनी काय केलं हे कोणी सांगतच नाही बाप्पा. स्लाईड दाखवतात, त्यात एक झाड असते आणि झाडाखाली पोट्टे बसलेले असतात, संपलं.

अन खरी गोष्ट अशी की लग्नाला ३६ वर्षं झाली पण त्यातली वीसेक वर्षं तं मी साईटवर होतो, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, शनिवारी यायचं सोमवारी जायचं. रिटायर झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तिनं मला दोनदा म्हटलं की तुम्ही जरा बाहेर जाऊन या. इथं बाहेर म्हणजे सदरला मित्र आहेत, सकाळचे तर्री पोहे आहेत, देवळाची कमिटी आहे. तिथं बाहेर कुठं जाणार?

मला बीपीची गोळी आहे, तिला थायरॉइडची. नातू दोन वर्षांचा आहे. पोरगी काही बोलत नाही पण तिचं न बोलणं मला समजते.

इंदोऱ्याची सिस्टर

दादा सलाम. आम्ही दोघं त्याच बाजूला दोन वर्षं होतो, मी दवाखान्यात अन आमचे हे स्टोअर सांभाळायला. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं कारण साक्ष देताना मीपण झाडच दाखवलं होतं.

तर दिवस. तिथं विषुववृत्त अगदी जवळून जाते म्हणून वर्षभर सूर्य साधारण साडेसहाला उगवते आणि सातच्या आत बुडते, उन्हाळा नाही हिवाळा नाही, दिवस लहानमोठा होत नाही. आपल्याला मे महिन्यात ४५ डिग्रीची सवय, तिथं तीसच्या आसपास, कूलरची आठवणसुद्धा येत नाही. पण तेच तेच. आला महिना गेला महिना समजत नाही, पाऊस आला तेवढाच फरक, मोठा मार्च ते मे अन छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर.

त्यांचं घड्याळ सूर्याबरोबर चालते हे आधी पाठ करा. सकाळी सात वाजले की ते म्हणतात 'सा मोजा', म्हणजे एक वाजला. आठ म्हणजे दोन. आमच्या ह्यांनी पहिल्याच आठवड्यात आकडे पाठ केले, मोजा, बिली, तातू, मोठा अभिमान. मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं उद्या मीटिंग 'सा तातू'. तातू म्हणजे तीन. हे दुपारी तीन वाजता इस्त्रीचा शर्ट घालून हजर, अन मीटिंग सकाळी नऊलाच होऊन गेलेली. कोणी रागावलं नाही, चहा दिला, आणि 'पोले' म्हटलं. हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकाल. ठेच लागली पोले, ताप आला पोले, लाईट गेली पोले.

भाषेला घाबरू नका, अर्धा बाजार ओळखीचाच निघते. चपातीला चपाती, चहाला चाय, गाडीला गारी, पैशाला पेसा, दुकानाला दुका, साबणाला साबुनी, औषधाला दावा. मी पहिल्या दिवशी वॉर्डात दावा ऐकलं अन जीव भांड्यात पडला. दारावर येतात तेव्हा कडी वाजवत नाहीत, बाहेरून 'होडी' म्हणून आवाज देतात, आपण आतून 'कारीबू' म्हणायचं, की आले आत. वेळ बघून येत नाहीत. दुपारची झोप विचारली नं तुम्ही, ती इथंच गेली समजा.

खाणं. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, मीठसुद्धा नसते. सोबत सुकुमा विकी, एक हिरवी भाजी, नावाचा अर्थच 'आठवडा ढकल'. स्वस्त म्हणून महिन्याची शेवटची तारीख येईपर्यंत तेच. व्हिक्टोरिया तळ्यातले बारके वाळवलेले मासे मिळतात, ओमेना, आपल्या सुकटासारखेच भाजून कांदा घालून करायचे, ह्यांनी तर पहिल्या दिवशी चार वेळा घेतले. ज्वारीला ते म्तामा म्हणतात आणि नाचणीला विंबी, पीठ मिळते, भाकर होते, थोडी तुटते पण होते. किसुमूत गुजराती-पंजाबी लोकांची जुनी दुकानं आहेत, मोंबासाहून रेल्वे १९०१ मध्ये तिथपर्यंत पोचली तेव्हापासून आपले लोक तिथं, तूरडाळ, हळद, जिरं सगळं मिळते. साओजी मसाला मात्र इथूनच न्या, अन भिवापुरी मिरचीचं तिखट. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिळते पण मागताना सांबार म्हणाल तर डाळ दाखवतील, तिथं धानिया म्हणायचं. कुकर इथून न्या. तिथला प्लग तीन चौकोनी पायांचा असते, आपला बसत नाही, अडॅप्टर चार-पाच घेऊन ठेवा.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. पहिले तीन महिने तुम्ही कोणाच्याच कामाचे नाही. मी ३१ वर्षं वॉर्ड चालवला होता, तिथं पहिल्या दिवशी मला एका खुर्चीवर बसवलं आणि चहा दिला. दुसऱ्या दिवशीही. माझं डोकं फिरलं. तिथली मेट्रन माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तिला माझं काहीच नको होतं. मग एक दिवस गॉजचे तुकडे घड्या घालायला घेतले, तिच्या शेजारी बसून, तासभर, काही न बोलता. त्यानंतर तिनं विचारलं तुझ्या गावात बाळंतिणीला काय खाऊ घालतात. तिथून काम सुरू झालं. तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून मुद्दाम सांगते, जनरेटरला पहिल्या दिवशी हात लावू नका. तो जो तिथं दहा वर्षांपासून तारेनं बांधून चालवून राहिला नं, त्याच्याकडून आधी शिकून घ्या, तार काहून बांधली ते.

रात्री आठ. लाईट असली तर पोराबाळांशी व्हिडिओ कॉल, ते आपल्या अडीच तास मागे आहेत म्हणजे तिथले आठ म्हणजे इथले साडेदहा, नातू झोपलेला असणार, म्हणून आम्ही तिथल्या साडेपाचला करायचो. लाईट नसली तर मेणबत्ती, प्रार्थना, आणि पत्ते. हो पत्ते. झब्बू खेळलो आम्ही दोन वर्षं, पाळकसाहेबांना सांगू नका. आणि भांडलो. खूप भांडलो. इथं भांडण झालं की मी बहिणीकडे, हे बाहेर ओट्यावर. तिथं दोन खोल्या अन बाहेर कुट्ट अंधार. चौथ्या महिन्यात आठ दिवस आम्ही फक्त 'मीठ दे' अन 'दार लाव' एवढंच बोललो. कारण आता आठवतसुद्धा नाही, बहुतेक बादलीवरून. नवव्या दिवशी शेजारची बाई आली, दोघांकडे पाहिलं, काही विचारलं नाही, एक कोंबडी ठेवून गेली. जिवंत. ती पकडता पकडता बोलणं सुरू झालं.

तर्रीप्रेमी

वाचून मजा आली ताई. पण एक विचारू का, राग नका मानू. नागपुरात काम कमी आहे का? मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याबाहेर फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक झोपतात, तिकडं जा की रोज डबा घेऊन. विमानाचं तिकीट काढून केनियात टाकी दुरुस्त करायला जायची काय गरज, तिथं प्लंबर नाहीत का?

इंदोऱ्याची सिस्टर

राग कायले मानू, हा प्रश्न माझ्या जावेनं तोंडावर विचारला होता. प्लंबर आहेत, नर्सपण आहेत, आपल्यापेक्षा चांगल्या आहेत. डबा देणंही खरंच आहे, आम्ही परत आल्यावर आठवड्यातून दोन दिवस ते करतो.

पण भाऊ, १८४५ मध्ये मिशनरी हिस्लॉप साहेब अन त्यांची बायको नागपुरात आले तेव्हा स्कॉटलंडात काय गरिबी नव्हती? तिथंही कोणीतरी म्हटलंच असणार, इथं काम कमी आहे का. त्यांच्या नावाचं कॉलेज आपण अजून रोज सिव्हिल लाईन्सला पाहतो. १८६३ मध्ये टाकळघाटकडून परत येताना पुराच्या पाण्यात बुडून गेले बिचारे, वयाची पन्नाशीपण नव्हती. आता त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही, त्या काळचे साहेब लोक होते. पण इतकी वर्षं आपण नुसतं घेणाऱ्यांच्या रांगेत होतो, आता आपल्यातलं कोणी देणाऱ्यांच्या रांगेत उभं राहिलं तर त्यात चूक काय ते मला समजत नाही.

पासबुकवाले काका

मी चर्चचा वगैरे नाही, बँकेत ३५ वर्षं काढली, म्हणून कागदांचं तेवढं सांगतो. साहेब तुम्ही राज्य सरकारचे पेन्शनर, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला लागतो. दीड वर्षात एक नोव्हेंबर नक्की येणार, कदाचित दोन. मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढता येतं, पण ते निघायच्या आधी एकदा घरी बसून करून बघा, तिथं गेल्यावर पहिल्यांदा अ‍ॅप उघडाल तर ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जाईल आणि तुम्ही बसाल बोंबलत. सिम चालू ठेवा, छोटं का होईना रिचार्ज मुलीला करायला सांगा. आधार, बँक, पेन्शन सगळीकडे तोच नंबर आहे ना तपासा.

आयकरात १८२ दिवसांचा हिशोब असतो, बाहेर किती दिवस राहता त्यावर तुम्ही रहिवासी की अनिवासी ते ठरतं आणि खात्याचा प्रकारही बदलावा लागू शकतो, सीएला एकदा भेटा, फी वसूल होते. घराचं वीज बिल, पाणीपट्टी, मालमत्ता कर यांच्या तारखा एका कागदावर लिहून मुलीकडे द्या. आणि इथली मेडिक्लेम साधारणपणे परदेशातल्या उपचाराला चालत नाही, तरीही ती बंद करू नका, या वयात खंड पडला तर पुन्हा वेटिंग पीरियडपासून सुरुवात. तिथल्यासाठी वेगळी पॉलिसी कोण काढणार, तुम्ही की संस्था, हे लेखी घ्या. तोंडी 'बघू ना काका' याला काही अर्थ नसतो.

लेक पुण्यात

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझे आईबाबा ६५ आणि ६२ चे असताना झांबियात गेले होते सव्वा वर्ष. माझी डिलिव्हरी त्यांच्या जाण्यानंतर तीन महिन्यांनी होती. मी तेव्हा 'जा ना तुम्ही, मी मॅनेज करेन' असं म्हटलं आणि मनात प्रचंड राग होता, इतका की रविवारचा कॉल मी दोनदा मुद्दाम घेतला नाही, नंतर नेटवर्क नव्हतं म्हणून सांगितलं. सासूबाईंनी सगळं केलं, छान केलं, पण आई ती आई ना. आई तिथल्या पोरींना स्वेटर शिकवत होती त्याचे फोटो ग्रुपवर टाकायची आणि सगळे हार्ट टाकायचे, मी नाही टाकलं.

आईबाबा परत आल्यावर एकदा मी सगळं बोलून टाकलं, आई ऐकत राहिली, मग म्हणाली तू थांब म्हणाली असतीस तर मी थांबले असते. आणि मला तेव्हा कळलं की तेच मला म्हणायचं नव्हतं, मला तिनं न सांगता थांबायला हवं होतं. असो. काका, तुमची मुलगी बोलत नाहीये ना, तर तिला विचारा, आणि 'तुला चालेल ना' असं विचारू नका कारण त्याचं उत्तर हो असंच असतं. तिला विचारा तुला कशाचा राग येतोय.

सीताबर्डी ते बेंगळुरू

थोडं बाजूचं. मी पोराकडे बेंगळुरूला असतो आता. आमच्या बिल्डिंगमध्ये वर्षभर एक अमेरिकन जोडपं होतं, सत्तरीच्या आसपासचं, लेटर-डे सेंट्स चर्चचं, ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात ते. त्यांच्याकडे ही रिटायर जोडप्यांनी जायची पद्धत एकदम रूढ आहे, सहा महिन्यांपासून २३ महिन्यांपर्यंत, खर्च स्वतःचा. छातीवर काळी नावाची पट्टी लावून निघायचे सकाळी. मला वाटलं आता हे आपल्याला धर्म सांगत बसणार, तर तसं काही नाही, दारोदार फिरायचं काम त्यांच्या तरुण पोरांचं, हे म्हातारे ऑफिस, ट्रेनिंग, मदतीची कामं असलं पाहायचे. आठवड्यातला एक दिवस कपडे, बाजार, बँक. आजोबा माझ्याकडे यायचे रिक्षावाल्याला किती द्यायचे विचारायला.

सांगायचं म्हणजे आजीनं एक वही ठेवली होती, रोज रात्री तीन ओळी, बस. आज काय बिघडलं, आज कोण हसलं, आज काय खाल्लं. ती म्हणायची की नाहीतर महिनाभरानं सगळे दिवस एकच वाटतात. सिस्टरताईंनी वर जे लिहिलं नं, दिवस लहानमोठा होत नाही, ते वाचून ती वही आठवली.

मोहननगरवाला

सगळ्यांचे आभार. मिसेसला मोठ्यानं वाचून दाखवलं. कोंबडीपर्यंत हसली, पुण्याच्या ताईंचं वाचलं तेव्हा उठून आत गेली. थोड्या वेळानं आली अन म्हणे मानेवाड्याला आपण जाऊ उद्या, तुम्ही नातवाला घेऊन बागेत जायचं अन मी तिच्याशी बोलते. म्हणजे मला पुन्हा बाहेरच जायला सांगितलं, पण ठीक आहे.

तर्रीप्रेमी भाऊ, तुमचा प्रश्न माझ्या मनातही आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे पक्कं नाही. टाकी दुरुस्त करायला जाऊन राहिलो एवढं खरं.

काका, सिमचं तं डोक्यातच नव्हतं, नंबर माझ्या जुन्या ऑफिसच्या वेळचा आहे, आधारला दुसराच लागला आहे. उद्या तेच काम.

सिस्टर, दोन विचारायचे राहिले. पिवळ्या तापाची लस अन मलेरिया. आणि तुमच्या ह्यांना तिथं स्वयंपाक करावा लागला का? मला फक्त चहा येते, तोही ती म्हणते पाण्यासारखा.

इंदोऱ्याची सिस्टर

पिवळा ताप: केनियाहून परत येताना भारतात लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात, नसलं तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, एकदाच, जन्मभर चालते. पण साठीच्या पुढं ही लस पहिल्यांदा घेताना जरा जपून घ्यायची असते, तुम्ही दोघंही त्यात बसता, म्हणून आधी तुमच्या फिजिशियनला भेटा, सगळ्या गोळ्या सांगा, मग केंद्रावर जा. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून घेऊ नका.

मलेरिया: तळ्याच्या बाजूला भरपूर आहे, नैरोबीसारखं नाही. कोणती गोळी किती दिवस ते डॉक्टर ठरवेल. मच्छरदाणीत रोज झोपायचं, गरम होते म्हणून एक दिवस पण सोडायची नाही. ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, 'उद्या पाहू' नाही. परत आल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तरी नागपूरच्या डॉक्टरला सांगायचं की केनियाहून आलो. अन तळ्यात पाय घालून बसायचं नाही, कितीही सुंदर दिसलं तरी, गोगलगायीतून येणारा जंत कातडीतून आत जाते. आमच्या ह्यांनी घातले होते. गोळ्या खाल्ल्या मग.

स्वयंपाक: सुरुवातीला शेजारच्या बाया ह्यांना चुलीजवळ पाहून तोंडावर हात ठेवून हसायच्या. आमच्या ह्यांना तिथं सगळे 'म्झे' म्हणायचे, मोठा मान, कार्यक्रमात पुढची खुर्ची, अन मला 'मामा' म्हणायचे, म्हणजे आई. त्या मानातसुद्धा मी मागं चहा ओतत उभी. मग मीच एक दिवस डोकं दुखते म्हणून झोपून राहिले. खरंच दुखत होतं असं नाही. ह्यांनी उगाली करायचा प्रयत्न केला, गोळे झाले, शेजारणीनं येऊन शिकवलं. आता इथंही करतात, रविवारी, पोट्टे खात नाहीत पण मी खाते.

तुम्ही निघायच्या आधी वरण-भात अन भाकर शिकून घ्या. भाकर जमली नाही तरी वरण-भात तं यायलाच पाहिजे.

मोहननगरवाला

वरण-भात आजपासून. कुकरची एक शिट्टी झाली तेव्हाच मी गॅस बंद केला, ती म्हणते तीन.

इंदोऱ्याची सिस्टर

तीनच. अन रबर दोन जास्तीचे न्या, तिथं आपल्या साईजचं मिळत नाही.